एक खांब पळा, चार खांब चाला

(प्रौढ साक्षरता वर्गाच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



आज आम्ही धावण्याविषयी बोलणार आहोत. पोरासोरांच्या धावण्याविषयी नव्हे. ज्यांचे केस पांढरे झाले, ज्यांना नातवंडे झाली, अशा माणसांच्या धावण्याविषयी.

हे ऐकून काही जणांना हसू येईल. "आता म्हातारपणी पळायला लावता का आम्हाला?" असे कोणी म्हणेल. हसा, जरूर हसा. पण तुमच्यापैकी पुष्कळांनी पन्नाशीत पाटी हाती घेतली, तेव्हाही लोक हसलेच होते. "आता शिकून काय मामलेदार होणार?" असे म्हणत होते. तुम्ही ऐकले नाही. रोज दोन अक्षरे गिरवली. आज हे पान तुम्ही वाचता आहात. अक्षर जसे उशिरा येते, तशी धावही उशिरा येते. दोन्हींची रीत एकच. रोज थोडे, आणि घाई नाही.

हे खरे कसे, ते आधी एका शेतकऱ्याच्या हकिकतीवरून पाहू.

फौजासिंगांची गोष्ट

पंजाबात जालंधर जिल्ह्यात ब्यास पिंड नावाचे गाव आहे. तिथे १ एप्रिल १९११ रोजी एक मुलगा जन्मला. त्याचे नाव फौजासिंग. त्याचे पाय काडीसारखे बारीक होते. पाच वर्षांचा होईपर्यंत त्याला धड चालता येत नव्हते. पुढे पायात बळ आले. मोठेपणी त्याने शेती केली, संसार केला. लिहिता-वाचता मात्र आले नाही.

म्हातारपणी फौजासिंगांवर घाला पडला. १९९२ साली पत्नी वारली. १९९४ साली तरणाताठा मुलगा अपघातात डोळ्यांदेखत गेला. माणूस खचून गेला. दुसरा मुलगा विलायतेत लंडनला होता. त्याच्याकडे ते राहायला गेले. परका मुलूख, परकी भाषा. दिवसभर घरात बसायचे आणि गेलेल्यांची आठवण काढायची. असा माणूस फार दिवस जगत नाही, हे आपण गावोगाव पाहतो.

फौजासिंग मात्र घराबाहेर पडले. आधी चालू लागले. मग थोडे पळू लागले. एक शिकवणारा भेटला. त्याने रीत लावून दिली. २००० साली लंडनची मॅरेथॉन फौजासिंगांनी पुरी केली. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटरांहून जास्त धाव. तेव्हा त्यांचे वय होते ८९.

पुढे २००३ साली कॅनडात टोरांटो शहरी त्यांनी हीच धाव ५ तास ४० मिनिटांत पुरी केली. तेव्हा ते ९२ वर्षांचे होते. २०११ साली त्याच शहरात पुन्हा धावले. त्या वेळी वय १००. वेळ लागला ८ तास ११ मिनिटे. म्हणजे पहिल्यापेक्षा अडीच तास जास्त. पण पोचले. आपल्या पायांनी पोचले. २०१३ साली, १०१ वर्षांचे असताना, हाँगकाँगला १० किलोमीटर धावून त्यांनी शर्यती सोडल्या. चालणे सोडले नाही.

त्यांचे खाणे काय होते? फुलका, डाळ, हिरवी भाजी, दही, दूध. मांस नाही, दारू नाही, तंबाखू नाही. महागडे असे त्यात काही नव्हते.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. फौजासिंगांकडे जन्माचा दाखला नव्हता. १९११ साली त्यांच्या गावात कोण देणार दाखला? म्हणून विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या गिनेस पुस्तकाने त्यांचा शंभरीचा विक्रम मान्य केला नाही. कागद नसला की खरेही खरे ठरत नाही. तेव्हा नातवंडांच्या जन्माची नोंद वेळेवर करा, एवढे जाता जाता सांगतो.

आता तुम्ही म्हणाल, "फौजासिंग लाखांत एक. आम्ही कुठे तसे?" बरोबर आहे. आम्हीही तुम्हाला ४२ किलोमीटर पळा असे सांगत नाही. त्याच्या निम्म्याविषयी आम्ही बोलणार आहोत.

अर्धी मॅरेथॉन म्हणजे काय?

मॅरेथॉन हे ग्रीस देशातल्या एका जागेचे नाव आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी तिथे लढाई झाली. जिंकल्याचा निरोप घेऊन एक जासूद अथेन्स शहरापर्यंत पळत गेला. निरोप सांगितला आणि कोसळून मेला. अशी दंतकथा आहे. तिच्यावरून १८९६ साली अथेन्सच्या ऑलिंपिक खेळांत ही शर्यत ठेवली. ती जिंकली एका पाणी वाहून नेणाऱ्या गरीब ग्रीक माणसाने. त्याचे नाव स्पिरिडॉन लुईस. पुढे या शर्यतीचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर ठरले. त्याचे निम्मे म्हणजे २१ किलोमीटर आणि वर सुमारे ९७ मीटर. हीच अर्धी मॅरेथॉन.

आपल्याकडेही ही शर्यत होते. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. तिच्यात अर्धी धावही असते. साताऱ्यात २०१२ पासून डोंगरी अर्धी मॅरेथॉन भरू लागली. तिची वाट यवतेश्वरच्या घाटाने कासच्या रस्त्याला चढते आणि तशीच खाली येते. तिथे तरुणांबरोबर साठीतली, सत्तरीतली माणसेही धावतात.

२१ किलोमीटर म्हणजे फार का? आळंदीहून निघणारी माउलींची पालखी आठवा. पुणे ते सासवड ही एका दिवसाची मजल ३० किलोमीटरांच्या आसपास आहे. मध्ये दिवेघाटाची चढण आहे. सत्तरीच्या आजीबाई डोक्यावर तुळस घेऊन ती मजल चालतात. ते कसे जमते? त्या पळत नाहीत. आपल्या चालीने चालतात. विसाव्याला थांबतात. सोबत असते. मजल-दरमजल करीत पोचतात. आमचे सांगणे तेच आहे. जासुदासारखे धावायचे नाही. तो धावला आणि पडला. आपल्याला धावून घरी यायचे आहे.

पण पळायचे कशासाठी?

हा प्रश्न खरा आहे. शर्यतीत नंबर यावा म्हणून नव्हे. मग कशासाठी?

म्हातारपणी माणसाला मरणाची भीती फार नसते. भीती असते ती अंथरुणाची. कोणी उठवले तर उठायचे, कोणी नेले तर परसाकडे जायचे, असे दिवस येऊ नयेत असेच प्रत्येकाला वाटते. हातीपायी धड असतानाच देवाने न्यावे, असे आपण म्हणतो. देवाने काय करायचे ते देव करील. हातपाय धड ठेवण्याचे काम मात्र पुष्कळसे आपले आहे.

वय वाढते तशी अंगातली मांसपेशी झडत जाते. साठीनंतर ती जास्त वेगाने झडते. मांडीतले बळ गेले की जमिनीवरून उठता येत नाही. तोल जातो. माणूस पडतो. खुब्याचे हाड मोडते. मग अंथरूण.

हे झडणे थांबवता येते का? थोडेफार येते. १९९० साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरातला एक प्रयोग छापून आला. वृद्धाश्रमातली दहा माणसे घेतली. त्यांचे वय नव्वदीच्या घरातले. त्यांच्याकडून आठ आठवडे पायाने वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. एकाला तो मध्येच सोडावा लागला. बाकीच्यांच्या पायांची ताकद सरासरीने दुपटीहून जास्त झाली. नव्वदीत! झाड म्हातारे झाले तरी पाणी घातले की पालवी फुटते, तसेच हे.

दुसरी एक पाहणी धावणाऱ्यांचीच आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने ती १९८४ साली सुरू केली. पन्नाशीपुढची धावणारी माणसे एकीकडे घेतली. न धावणारी दुसरीकडे घेतली. वीस वर्षांहून जास्त काळ त्यांच्यावर नजर ठेवली. १९ वर्षांनी पाहिले, तर न धावणाऱ्यांतली शंभरातली ३४ वारली होती. धावणाऱ्यांतली १५ वारली होती. आणि जे जिवंत होते त्यांत धावणाऱ्यांना परावलंबीपण पुष्कळ वर्षे उशिरा आले. धावून गुडघे झिजतात असे लोक म्हणतात. तेही पाहिले. धावणाऱ्यांचे गुडघे इतरांपेक्षा जास्त झिजलेले आढळले नाहीत.

आम्ही वाढवून सांगत नाही. जी माणसे धावत होती, ती मुळातच जरा निरोगी असणार. धावणे म्हणजे अमरपट्टा नव्हे. पण पाय चालते राहिले की माणूस चालता राहतो, एवढे यातून दिसते.

"आम्ही तर दिवसभर राबतो"

शेतकरी म्हणतो, "आम्हाला व्यायाम कशाला? आम्ही रानात राबतो." ज्यांचे राबणे अजून तसेच आहे त्यांना आमचा नमस्कार. पण जरा हिशेब मांडा. पूर्वी नांगरामागे दिवसभर चालत होतो. आता ट्रॅक्टर आला. पूर्वी बाजाराला दोन कोस चालत जात होतो. आता मोटारसायकल आहे. विहिरीवर जाणे थांबले, नळ आला. हे सगळे चांगलेच झाले. पण चालणे गेले. त्याच्या पाठोपाठ साखरेचा आजार आणि रक्तदाब गावात आले. आणि जे राबणे उरले, त्यात कंबर वाकते, पाठ दुखते. छातीचा भाता मात्र त्यात पुरता हलत नाही. तो हलतो भरभर चालण्याने आणि धावण्याने.

पहिले पाऊल : डॉक्टरकडे

आता रीत सांगतो. नीट ऐका. उतारवयात पहिले पाऊल रस्त्यावर टाकायचे नाही. ते दवाखान्यात टाकायचे.

रक्तदाब बघून घ्या. रक्तातली साखर बघून घ्या. हृदयाचा आलेख काढून घ्या. गरज वाटली तर डॉक्टर पट्ट्यावर चालवूनही हृदय तपासतील. "मला २१ किलोमीटर धावायची तयारी करायची आहे" असे डॉक्टरांना सरळ सांगा. पूर्वी छातीत दुखले असेल, चक्कर आली असेल, तर लपवू नका. डॉक्टर म्हणाले पळू नका, तर पळू नका. चाला. चालण्यानेही पुष्कळ साधते.

साखरेचे औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. धावण्याने रक्तातली साखर एकदम उतरू शकते. हातपाय कापतात, घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशांनी खिशात साखर ठेवावी. आणि रोज पावले तपासावी. साखरेच्या आजारात पावलाची जखम कळत नाही आणि चिघळते.

दम लवकर येतो, हाड उशिरा

पुष्कळ माणसे दुसऱ्या महिन्यात लंगडत घरी बसतात. का, ते समजून घ्या.

धावू लागले की काही आठवड्यांतच दम सुधारतो. हृदय जास्त रक्त फेकू लागते. माणसाला वाटते, "वा! आता मी पाच किलोमीटर सहज जाईन." पण मांसपेशीला हाडाशी बांधणारे दोर असतात. त्यांना मजबूत व्हायला महिने लागतात. हाडालाही महिने लागतात. दम म्हणतो चल, आणि नडगी म्हणते थांब. आपण दमाचे ऐकतो. मग नडगी सुजते, टाच दुखते, गुडघा धरतो. नव्या बैलाला पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला कोणी जुंपत नाही. आपल्या पायांना तेवढी तरी दया दाखवावी.

म्हणून पहिला महिना पळायचेच नाही. आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास, भरभर चालायचे.

दुसऱ्या महिन्यात पळणे सुरू. घड्याळ नसले तरी चालेल. रस्त्याकडेला विजेचे खांब आहेत ना? एक खांब पळायचे, चार खांब चालायचे. पुन्हा एक खांब पळायचे. असे अर्धा तास. पंधरा दिवसांनी एक खांब पळणे, तीन खांब चालणे. मग एकास दोन. मग एकास एक. अंगाला जड वाटले की मागच्या पायरीवर यायचे. त्यात लाज नाही.

वेग किती ठेवायचा? सोबत्याशी बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागून शब्द तुटू लागला, तर वेग जास्त झाला. बोलता येते पण अभंग म्हणता येत नाही, असा वेग बरोबर.

एक दिवस पळायचे, एक दिवस विसावा. मांसपेशी पळताना बनत नाही. ती विसाव्यात आणि झोपेत बनते. तरुणाला एक रात्र पुरते. म्हाताऱ्याला दोन लागतात.

आठवड्याचे अंतर किती वाढवायचे? दहाला एक. या आठवड्यात १० किलोमीटर झाले, तर पुढच्या आठवड्यात ११. एकदम १५ नाही. आणि दर चौथ्या आठवड्यात थोडे कमी करायचे. कणगीत धान्य भरताना जसे मधूनमधून दाबून बसवतो, तसे अंगालाही बसू द्यायचे.

आठवड्यातून एक दिवस लांबची चाल-धाव करायची. पहिल्यांदा ४ किलोमीटर. मग ५, मग ६. असे करता करता सहा-सात महिन्यांत १६ ते १८ किलोमीटरांवर यायचे. तयारीत पुरे २१ करण्याची गरज नाही. आणि शर्यतीच्या आधीचे दोन आठवडे अंतर कमी कमी करीत आणायचे.

ज्या दिवशी पळायचे नाही, त्यांपैकी दोन दिवस पायांना बळ देणारा व्यायाम करा. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. भिंतीला हात लावून दहा वेळा चवड्यांवर उभे राहा. एका पायावर उभे राहून तोल सांभाळा. घरातल्या घरात होते. पैसा लागत नाही. ज्यांना पळणे जमणार नाही, त्यांनीही एवढे करावेच.

खाणे, पाणी, जोडा, रस्ता

खाणे घरचेच. भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी, दूध, ताक, शेंगदाणे. चालत असेल तर अंडी. म्हातारपणी माणसे चहा-चपातीवर भागवतात. तसे करू नका. मांसपेशीला डाळ-उसळ-दूध यांची गरज तरुणापेक्षा कमी नसते. लांब पळण्याआधी तासभर एखादे केळे किंवा चतकोर भाकरी खावी.

पाण्याविषयी दोन्ही बाजू सांगतो. वय झाले की तहान कमी लागते, म्हणून उन्हाळ्यात पाणी प्यायचे राहून जाते. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडले असे समजा. पण धावताना भीतीपोटी लोटेच्या लोटे पिणेही वाईट. त्याने रक्तातले मीठ पातळ होते आणि जिवावर बेतू शकते. घोट घोट प्यावे. तासाहून जास्त धाव असेल तर मीठ-साखरेचे पाणी जवळ ठेवावे. रक्तदाब किंवा साखर असेल त्यांनी ते डॉक्टरांना विचारून घ्यावे.

जोडा मऊ तळाचा असावा. अंगठ्यापुढे बोटभर जागा असावी. महागच पाहिजे असे नाही. फाटका मात्र नको.

पळण्याची वेळ पहाटेची. उन्हात पळू नका. अंधार असेल तर बॅटरी घ्या, पांढरे कपडे घाला. रस्त्याच्या उजव्या कडेने पळा, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. कुत्र्यांसाठी हातात काठी असू द्या.

रस्त्याची गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. फौजासिंग कर्करोगाने किंवा हृदयविकाराने गेले नाहीत. १४ जुलै २०२५ रोजी, ११४ वर्षांचे असताना, ते आपल्या गावी रस्ता ओलांडत होते. एका मोटारीने उडवले. त्यातच ते गेले. शंभर वर्षे ज्या पायांनी साथ दिली, त्यांचा काही दोष नव्हता. तेव्हा मंडळी, पायांची काळजी घ्याच, पण रस्त्याचीही घ्या. आणि तुमच्या पोरांना सांगा, गाडी जपून चालवा, रस्त्यावर कोणाचे तरी आजोबा चालत असतात.

बायकांनी पळावे का?

पळावे. आया-बहिणींनी तर जरूर पळावे. बायकांची हाडे पाळी गेल्यानंतर लवकर ठिसूळ होतात. चालण्याने, धावण्याने हाडांना बळकटी येते.

"पण लोक काय म्हणतील?" लोकांचे सांगतो. बारामतीच्या लता करे यांचे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकले असेल. साठी उलटलेल्या, मोलमजुरी करणाऱ्या बाई. नवरा आजारी पडला. तपासण्यांना पैसा नव्हता. बारामतीला मॅरेथॉन भरणार होती, तिच्यात वडीलधाऱ्यांसाठी वेगळी धाव होती आणि बक्षीस होते. बाई नऊवारी लुगडे नेसून, अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. पुढे त्यांच्यावर मराठी चित्रपट निघाला. तो २०२० साली लागला. त्यात त्यांनी स्वतःच काम केले. २०२१ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा खास उल्लेख झाला.

लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. आम्हाला या गोष्टीत दोन गोष्टी दिसतात. एक, औषधाच्या पैशासाठी कोणा म्हातारीला अनवाणी पळावे लागू नये. ती लाज तिची नाही, आपल्या सगळ्यांची आहे. दुसरी, लुगड्यातली मजूर बाई साठीनंतर धावू शकते. तिच्या अंगात ते बळ कुठून आले? जन्मभराच्या चालण्यातून आणि कष्टातून आले. तेव्हा तुम्ही मात्र अनवाणी, तयारीविना धावू नका. चार जणी मिळून निघा. चौघी असल्या की कोणी हसत नाही. हसलेच, तर चौघींनी मिळून हसावे.

केव्हा थांबायचे?

हे पाठ करा. पळताना छातीत दुखले किंवा दाबल्यासारखे वाटले, तर थांबा. दुखणे डाव्या हातात, जबड्यात, पाठीत गेले, तर थांबा. चक्कर आली, गार घाम सुटला, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर थांबा. "अपचन असेल, चालता चालता जाईल" असे म्हणू नका. खाली बसा, माणूस हाका मारा आणि १०८ नंबरला फोन लावून रुग्णवाहिका बोलवा. ती सरकारी आहे. तिला पैसे पडत नाहीत. बायकांना छातीत न दुखता नुसता थकवा, मळमळ आणि धाप एवढेच होऊ शकते. तेही अंगावर काढू नका.

ताप असेल त्या दिवशी पळू नका. सांधा सुजला असेल तर पळू नका. थांबणे हा तयारीचाच भाग आहे.

शर्यतीचा दिवस

समजा, सहा-सात महिने झाले. दिवस उजाडला. हजार माणसे जमली आहेत, बँड वाजतो आहे. तरुण पोरे बाणासारखी सुटतील. तुम्ही मागे उभे राहा. पहिले ५ किलोमीटर अगदी सावकाश. सगळे जग पुढे जाईल. जाऊ द्या. चढण आली की चाला. उतारावर पावले आखूड टाका. चढणीपेक्षा उतारच मांड्यांना आणि गुडघ्यांना जास्त मारतो.

हिशेब असा आहे. चालणे आणि पळणे मिळून तासाला ७ किलोमीटर पडले, तर २१ किलोमीटरांना ३ तास लागतात. शर्यतीला वेळेची मर्यादा असते. ती नाव देतानाच विचारून घ्या.

१५ किलोमीटरांनंतर पाय जड होतील. मन म्हणेल, कोणी सांगितला होता हा उपद्व्याप? तेव्हा पुढचे सहा किलोमीटर मोजू नका. पुढचा एक खांब बघा. तो आला की त्याच्या पुढचा. ज्यांनी दुसऱ्या महिन्यात खांब मोजले आहेत, त्यांना हे जमते.

आणि समजा, नाही पोचलात? तेराव्या किलोमीटरला थांबावे लागले? तर थांबा आणि गाडीत बसून परत या. सहा-सात महिने तुम्ही चाललात, पळालात, दारू-तंबाखूपासून थोडे लांब राहिलात, मांड्यांत बळ आले, साखर उतरली. ते काही शर्यतवाले परत मागून घेत नाहीत. ते तुमचेच राहते. पदक खुंटीला टांगून ठेवायचे असते. पाय रोज लागतात.

मंडळी, आम्ही उद्या पहाटे साडेपाचला शाळेच्या फाटकापाशी उभे आहोत. उद्या कोणी पळायचे नाही. मारुतीच्या देवळापर्यंत चालत जायचे आणि चालत परत यायचे. ज्यांच्याकडे जोडा नाही त्यांनी चपलेने यावे. आणि येताना घरातल्या एका तरी म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून घेऊन यावे.